आरक्षण पडले म्हणजे जमीन गेली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काही वर्षांपूर्वी महापालिकेच्या हद्दीत आलेल्या एका गावात वडिलोपार्जित २६ गुंठे जमीन आहे. विकास आराखड्यात तिच्या कडेने १८ मीटरचा रस्ता दाखवला आहे, त्यात साधारण ३ गुंठे जातात. आणखी १४ गुंठ्यांवर उद्यानाचे आरक्षण आहे. आराखडा अमलात येऊन १३ वर्षे झाली आणि सुधारित आराखड्याची तयारी सुरू असल्याचे कानावर येते. आता पालिकेचे कनिष्ठ अभियंते 'संमतीपत्र व आगाऊ ताबा' असा छापील कागद घेऊन घरी आले. रस्त्याचे काम मंजूर आहे, सही करा, टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) मागाहून मिळेल, असे त्यांचे म्हणणे. सही केली नाही तर पालिका जमीन जबरदस्तीने घेईल का, घेतली तर मिळणार काय, आणि उद्यानाच्या जागेचे पुढे काय, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

पहिल्याचे उत्तर आधी देतो. जमीन आजही तुमचीच आहे. नकाशावर हिरवा रंग भरला किंवा रस्त्याच्या दोन रेघा मारल्या म्हणून मालकी बदलत नाही. बदलते ते एवढेच, की त्या भागावर बांधकामाची परवानगी पालिका देत नाही, कारण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४६ नुसार परवानगी देताना आराखडा बघणे तिला बंधनकारक आहे. मालकी घ्यायची तर वेगळी कारवाई करावी लागते आणि ती कारवाई कायद्यात लिहिलेल्या मार्गानेच करावी लागते. पालिका जमीन घेऊ शकते का? घेऊ शकते, आणि तुमच्या मनाविरुद्धही घेऊ शकते. पण ती स्वतःच्या ठरावाने किंवा अभियंत्याच्या कागदाने घेऊ शकत नाही.

हा फरक कोर्टाने अलीकडेच फार स्पष्ट केला आहे. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला, पण अनुच्छेद ३०० अ मध्ये राहिला: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. कोलकाता महानगरपालिकेने एका खासगी मालकाची जागा उद्यानासाठी म्हणून ताब्यात घेतली आणि आपल्या कायद्यातल्या एका कलमावर बोट ठेवले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महानगरपालिका विरुद्ध बिमल कुमार शाह या निकालात सांगितले, की ते कलम फक्त 'कोणती जागा लागेल' हे ठरवण्याचा अधिकार देते, जागा घेण्याचा नाही. घेण्यासाठी त्याच कायद्यात दुसरी, राज्य सरकारमार्फत जाणारी वाट होती आणि ती पालिकेने धरलीच नव्हती. अपील फेटाळले गेले, वर ५ लाख रुपये खर्चाचा भुर्दंड पडला. याच निकालात ३०० अ च्या पोटात सात गोष्टी येतात असे म्हटले आहे: नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, कारणे देऊन केलेला निर्णय, खरेखुरे सार्वजनिक प्रयोजन, रास्त मोबदला, वेळेत आणि कार्यक्षमतेने चाललेली प्रक्रिया आणि ती प्रक्रिया शेवटास नेणे. पैसे मोजले की झाले, असे नाही. प्रकरण पश्चिम बंगालचे असले तरी ३०० अ सगळ्या देशाला एकच आहे. पालिकेच्या विधी विभागाशी पत्रव्यवहार करताना मी या निकालाचा उल्लेख आवर्जून करतो, आणि उत्तराची भाषा बऱ्याचदा बदलते.

आता आपल्याकडचा मार्ग. आराखड्यातली जागा घेण्यासाठी नगररचना कायद्याचे कलम १२६ आहे आणि त्यात तीन वाटा आहेत. एक, वाटाघाटीने ठरलेली रक्कम देऊन. दोन, रकमेऐवजी चटईक्षेत्र (जागेवर जेवढे बांधकाम करता येते ते क्षेत्र) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देऊन. तीन, राज्य सरकारकडे अर्ज करून २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे सक्तीने. पहिल्या दोन वाटांना तुमची संमती लागते. तिसरीला लागत नाही, पण तिच्यात राजपत्रातली घोषणा, नोटीस, संयुक्त मोजणी, हितसंबंधितांची सुनावणी आणि निवाडा (मोबदला ठरवणारा अधिकृत निर्णय) हे सगळे येते, आणि पालिकेला त्यासाठी पैसे आधी भरावे लागतात. पैसे नसतात, म्हणून अभियंते संमतीपत्र घेऊन घरी येतात. यात त्यांचा दुष्टावा नसतो. ठेकेदार थांबलेला असतो, मार्चअखेर जवळ आलेली असते आणि भूसंपादनाची फाइल हलायला वर्ष लागणार हे त्यांना माहीत असते.

कधी कधी अभियंते महापालिका अधिनियमातल्या 'रस्त्याच्या नियमित रेषे'चा दाखला देतात. ती तरतूद खरी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्त रस्त्याची रेषा ठरवू शकतात आणि पुढच्या कलमांनुसार त्या रेषेच्या आत येणारे बांधकाम मागे घ्यायला लावू शकतात. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात त्याला समांतर कलमे आहेत. पण ही सोय मुळात असलेल्या सार्वजनिक रस्त्याच्या कडा सरळ करण्यासाठी आहे, आणि तीतही गेलेल्या जागेची भरपाई द्यावी लागते. शेतातून नवा १८ मीटरचा रस्ता काढायला ती पुरणार नाही. तसा उल्लेख झाला तर कलम कोणते, रेषा कोणत्या तारखेला ठरली आणि तिचा नकाशा कुठे आहे, हे लेखी विचारा.

तर त्या कागदाकडे येऊ. माझ्या मते या विषयात मालकांचे सगळ्यात जास्त नुकसान आगाऊ ताब्याने होते. दरावरून होणारे त्याच्या खूप खाली. कागद नीट वाचा. त्यात बहुतेक वेळा चार गोष्टी एका दमात लिहिलेल्या असतात: मी स्वखुशीने ताबा देत आहे, मोबदल्याबाबत पालिकेच्या नियमाप्रमाणे जे मिळेल ते मान्य राहील, पुढे हरकत घेणार नाही, आणि वारसांवर हे बंधनकारक राहील. क्षेत्र मात्र 'अंदाजे' असते किंवा रिकामे सोडलेले असते. अशी सही झाली की पालिकेला रस्ता मिळतो आणि तुमच्याकडे उरतो तो पाठपुरावा. डांबर पडल्यावर फाइलला घाई कोणाला? अभियंत्याची बदली होते, नवा येतो, तो म्हणतो मोजणी झालेली नाही. मोजणी होते, तर सातबाऱ्यावर चुलत्यांची नावे निघतात. ती मिटवता मिटवता धोरण बदलते. शिवाय ताबा कोणत्या तारखेला आणि कोणत्या अटीवर दिला, यावरच पुढे व्याज आणि दराची तारीख अवलंबून राहते, आणि 'स्वखुशीने' हा शब्द तिथे नडतो.

सही करूच नका असे मी म्हणत नाही. रस्ता तुमच्या उरलेल्या जमिनीचा भाव वाढवतो. १८ मीटरच्या रस्त्याला लागून असलेल्या ९ गुंठ्यांवर जेवढे बांधकाम बसते तेवढे आत अडकलेल्या ९ गुंठ्यांवर बसत नाही, कारण अनुज्ञेय चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ठरते. त्यामुळे रस्त्याला विरोध करून कोर्टात जाणे मला या प्रकरणात शहाणपणाचे वाटत नाही. रस्त्याचे सार्वजनिक प्रयोजन कोर्टात खोडून काढणे जवळपास अशक्य असते. भांडायचे ते मोजणीवर, मोबदल्याच्या रूपावर आणि क्रमावर. क्रम असा मागा: आधी भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि तिची 'क' प्रत (मोजणीचा नकाशा), मग मोबदला रोख की टीडीआर की त्याच जागेवर चटईक्षेत्र हे लेखी, मग नोंदणीकृत करार, आणि त्याच वेळी ताबा. पालिकेला खरोखर घाई असेल तर करारात ताब्याचे कलम घालून टीडीआरचे प्रमाणपत्र देण्याची मुदत लिहून घेता येते. 'नंतर बघू' हे कोणत्याही कागदावर लिहून देणार नाही, एवढे पक्के ठेवा.

मोबदल्याचा हिशोब मालक बहुतेक वेळा उलट्या टोकाने करतात: शेजारच्याने किती घेतले तिथून सुरुवात. सक्तीच्या संपादनात २०१३ च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे बाजारमूल्य काढतात. रेडी रेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला) दर, आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी, यांतले जे जास्त ते धरतात. त्याला गुणक लागतो: नागरी भागात १, ग्रामीण भागात १ ते २ मधला राज्याने ठरवलेला. तुमचे गाव पालिकेत आले म्हणजे गुणक १. गाव हद्दीत येण्याची अधिसूचना आणि संपादनाची घोषणा यांत आधी कोणती, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. काही गावांत याच मुद्द्यावर रकमेत दुपटीचा फरक पडतो. मग झाडे, विहीर, पाइपलाइन, बांधकाम यांची किंमत मिळवतात आणि त्या सगळ्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. याखेरीज बाजारमूल्यावर, संपादनाच्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांतले जे आधी होईल तोपर्यंत, वर्षाला १२ टक्के.

आकडा मांडून बघू. ३ गुंठे म्हणजे सुमारे ३०० चौरस मीटर. दर मीटरला १०,००० रुपये धरला (हा केवळ उदाहरणापुरता), तर मूळ किंमत ३० लाख, दिलासा ३० लाख, एकूण ६० लाख, आणि प्रक्रिया लांबली तर वर्षाला ३ लाख ६० हजार अधिक. दर कोणत्या तारखेचा हा प्रश्न उरतो. आराखडा प्रसिद्ध होऊन गेल्यावर नव्याने घोषणा करून जमीन घेतली, तर कलम १२६ (४) नुसार त्या नव्या घोषणेच्या तारखेचा दर. आराखडा झाला त्या वर्षाचा दर कोणी सांगत असेल तर ते चूक आहे.

दुय्यम निबंधक कार्यालयातून आसपासच्या व्यवहारांची सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या खतांचा गोषवारा) काढून ठेवा. भूसंपादन अधिकाऱ्यांपुढे तोंडी 'आमच्याकडे भाव जास्त आहे' म्हणून काही होत नाही. खते दाखवली की त्यांना ती विचारात घ्यावी लागतात, आणि घेतली नाहीत तर वरच्या पायरीवर ती उपयोगी येतात. निवाडा कमी वाटला तरी पैसे नाकारू नका. 'हरकतीसह स्वीकारले' असे लिहून घ्या, कारण तक्रार न नोंदवता रक्कम घेतली तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. तो अर्ज कलम ६४ खाली असतो. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर मुदत ६ आठवडे, आणि ती फार लवकर संपते. शेजाऱ्याने अर्ज करून प्राधिकरणाकडून वाढ मिळवली आणि तुम्ही अर्जच केला नव्हता, तर त्या निर्णयापासून ३ महिन्यांत कलम ७३ खाली तुम्हालाही तेवढाच दर मागता येतो. हे कलम फारसे कोणाला ठाऊक नसते.

जमिनीचा तुकडा पडून उरलेला भाग निकामी होत असेल, तर त्या नुकसानीचीही भरपाई मागता येते (कलम २८). तुमच्या उरणाऱ्या ९ गुंठ्यांचा आकार बघा. त्रिकोणी शेपूट निघत असेल आणि सामासिक अंतरे (बांधकामाभोवती सोडायची मोकळी जागा) सोडून तिथे काही बांधता येत नसेल, तर ते नकाशावर वास्तुविशारदाकडून दाखवून घ्या. घराचाच भाग जात असेल तर पूर्ण घर घ्या असा आग्रह कलम ९४ खाली धरता येतो. आयकराबाबत एवढेच: या कायद्याखालच्या निवाड्याच्या किंवा कराराच्या रकमेवर कलम ९६ नुसार आयकर नाही. पण पालिकेशी केलेला खासगी करार 'या कायद्याखालचा' ठरेल का, हे सनदी लेखापालाला सही करण्याआधी विचारावे.

टीडीआरकडे लोक एक तर लॉटरी म्हणून बघतात नाही तर फसवणूक म्हणून. दोन्ही नाही. मुंबई सोडून बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे दाट वस्तीच्या बाहेर दिलेल्या जागेच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट टीडीआर मिळतो. म्हणजे तुमच्या ३०० मीटरला ६०० मीटर. इथपर्यंत सगळे खूश असतात. पुढचे सूत्र कोणी सांगत नाही: टीडीआर ज्या जागेवर वापरायचा तिथला रेडी रेकनर दर तुमच्या जागेच्या दरापेक्षा जास्त असेल, तर क्षेत्र त्या प्रमाणात आटते. तुमचा दर १०,००० आणि वापरायच्या जागेचा २०,००० असेल, तर ६०० चे ३०० होतात. त्यामुळे टीडीआर विकत घेणारा विकासक तुम्हाला भाव सांगताना हे प्रमाण मनात धरूनच सांगतो. शहरात बांधकामाची चलती असेल तर टीडीआर हातोहात जातो. मंदी असेल किंवा एकाच वेळी बाजारात भरपूर आला असेल, तर प्रमाणपत्र कपाटात पडून राहते. आणि ते प्रमाणपत्र मिळते ते जमीन बोजामुक्त करून, सातबाऱ्यावर पालिकेचे नाव लागून, ताबा दिल्यानंतर. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर आधी तो उतरवा.

टीडीआर घ्या अशी सक्ती पालिका करू शकत नाही. 'आमच्याकडे रोखीचे धोरणच नाही' हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. धोरण नसेल तर त्यांनी कलम १२६ ची तिसरी वाट धरावी. मात्र उलटही खरे आहे: वाटाघाटीत रोख द्याच, असे पालिकेला आपण भाग पाडू शकत नाही.

तुमच्या बाबतीत मला रोख आणि टीडीआर सोडून तिसराच पर्याय बरा वाटतो. रस्त्यात गेलेल्या क्षेत्राचे चटईक्षेत्र उरलेल्या जागेवरच वापरायचे. नियमावलीत ती सोय आहे. पुढे तुम्ही स्वतः किंवा विकासकाबरोबर बांधकाम करणार असाल, तर टीडीआर विकून पुन्हा विकत घेण्याचा फेरा वाचतो. पण आधी ९ गुंठ्यांवर ते बसते का, हे आराखडा काढून तपासा, कारण रस्त्याच्या रुंदीनुसार कमाल मर्यादा असते.

उद्यानाच्या १४ गुंठ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तुमचा खरा हुकमी एक्का तिथे आहे. नगररचना कायद्याचे कलम १२७ म्हणते: अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षे झाली, त्या काळात जागा करारानेही घेतली नाही आणि सक्तीच्या संपादनाची कारवाईही सुरू केली नाही, तर मालक किंवा हितसंबंधित व्यक्ती नोटीस देऊ शकते. नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा घेण्याची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते, आणि शेजारच्या जमिनीला जे करता येते ते तुम्हालाही करता येते. ही मुदत आधी ६ महिने होती, २००९ मध्ये १२ झाली आणि २०१५ मध्ये २४. जुने लेख वाचून ६ महिन्यांनी विजय साजरा करणारे लोक अजून भेटतात.

सगळी लढाई 'पावले उचलली' या दोन शब्दांवर होते. पालिका काय करते? मुदत संपत आली की सर्वसाधारण सभेत ठराव करते आणि जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवते, की सदर जागा संपादित करावी. गिरनार ट्रेडर्सच्या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसता ठराव किंवा पत्र म्हणजे पाऊल नव्हे. संपादनाकडे प्रत्यक्ष नेणारी कारवाई हवी, म्हणजे राजपत्रातली घोषणा. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात २०१३ मध्ये हेच पुन्हा उचलून धरले. काही वेळा उच्च न्यायालये 'आणखी एक वर्ष घ्या आणि संपादन करा' अशी सवलत पालिकेला देत असत. लक्ष्मीकांत विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही काढून घेतली: एकदा आरक्षण संपले की वाढीव मुदत नाही.

आता यातला सापळा. कलम १२७ आपोआप चालत नाही. १० वर्षे काय, ३० वर्षे होऊन गेली तरी नोटीस दिल्याशिवाय आरक्षण उठत नाही. आणि नोटीस देण्याआधी सुधारित आराखडा मंजूर होऊन त्यात तेच आरक्षण कायम राहिले, तर १० वर्षे पहिल्यापासून मोजायची. पुण्यातल्या प्रफुल्ल दवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेच ठरवले. तुमच्याकडे सुधारित आराखड्याची तयारी सुरू असल्याचे तुम्ही लिहिता. म्हणजे ही नोटीस पुढच्या दिवाळीनंतर बघू अशी गोष्ट नाही. रस्त्याच्या वाटाघाटी चालू द्या, नोटीस मात्र आता जाऊ द्या. तिचा रस्त्यावर राग निघेल ही भीती मला नेहमी सांगितली जाते. अनुभव असा, की नोटीस गेल्यावर नगररचना विभाग तुम्हाला जास्त गांभीर्याने घेतो. आणि समजा त्यांनी २४ महिन्यांत खरोखर संपादन सुरू केले, तर रोख मोबदल्याची दारे उघडली. नुकसान कशातच नाही.

नोटीस कोणाला द्यायची हे नीट बघा. आराखड्याच्या अहवालात प्रत्येक आरक्षणापुढे 'समुचित प्राधिकरण', म्हणजे ती जागा ज्या संस्थेसाठी राखली ती संस्था, लिहिलेले असते. उद्यानाला बहुधा महापालिका असते. पोलीस ठाणे, सरकारी दवाखाना, बसस्थानक यांना ते दुसरे असू शकते, तेव्हा महापालिका आणि ते प्राधिकरण, दोघांनाही द्यावी. नोटिशीसोबत मालकीची कागदपत्रे जोडणे कायद्यानेच सांगितले आहे: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, मोजणी नकाशा, आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला. कागद अपुरे म्हणून नोटीसच अवैध, असा बचाव पालिका सर्रास घेते. सातबाऱ्यावर मयत वडिलांचे नाव असेल तर आधी वारस नोंद करा, आणि शक्यतो सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्या. एका भावाने दिलेली नोटीस कायद्याने टिकू शकते, पण दुसरा भाऊ पालिकेत जाऊन 'माझी संमती नाही' म्हणाला तर दोन वर्षे फुकट गुंतून पडतात.

२४ महिने उलटल्यावरही नगररचना विभाग लगेच परवानगी देत नाही. आरक्षण व्यपगत झाल्याची अधिसूचना कलम १२७ (२) खाली सरकारने राजपत्रात काढायची असते आणि ती आपणहून क्वचित निघते. आधी अर्ज, मग उच्च न्यायालयात रिट. हे प्रकरण कागदावर स्वच्छ असेल तर फार लांबत नाही.

इथे दोन गैरसमज बाजूला करतो. एक, '२०१३ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सगळे जुने संपादन रद्द झाले.' इंदूर विकास प्राधिकरणाच्या २०२० च्या घटनापीठाच्या निकालानंतर, ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, अशी दोन्ही परिस्थिती असेल तरच त्याचा उपयोग होतो. तुमच्या प्रकरणात निवाडाच नाही, त्यामुळे तो विषयच नाही. दोन, 'मंजूर लेआउटमधले रस्ते आणि खुली जागा यांचाही मोबदला मिळतो.' लेआउट मंजूर करून घेताना तुम्ही स्वतः सोडलेली जागा आणि आराखड्याने मागितलेली जागा यांचा हिशोब वेगळा असतो. ९ गुंठ्यांचा पुढे लेआउट कराल तेव्हा हे लक्षात असू द्या.

समजा मोजणीत असे निघाले, की जुना गावरस्ता रुंद करताना तुमचा एखादा गुंठा आधीच विनामोबदला गेला आहे. हे खेड्यातून शहरात आलेल्या भागांत फार आढळते. 'इतकी वर्षे वहिवाट आहे' असे उत्तर मिळेल. विद्या देवी यांच्या प्रकरणात हिमाचल सरकारने १९६७-६८ मध्ये जमीन घेऊन रस्ता केला होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला प्रतिकूल ताब्याचा दावा करता येत नाही असे सांगून मोबदला द्यायला लावला. उशीर झाला हे कारण अशा वेळी फारसे टिकत नाही. पण तुम्ही मध्ये कधी लेखी संमती दिलेली नसावी.

नगरपरिषद आणि नगरपंचायतीलाही हाच नगररचना कायदा लागू आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या बळावर जमीन घेता येत नाही, तिला जिल्हाधिकाऱ्यांकडेच जावे लागते. बांधावरून वाट देण्याचा तहसीलदारांचा जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खालचा आदेश हा संपादन नव्हे. राष्ट्रीय महामार्ग आणि एमआयडीसी यांचे कायदे स्वतंत्र आहेत, तिथे वर सांगितलेले कलम १२७ चालणार नाही. त्यामुळे कोणतीही नोटीस हातात पडली की आधी मथळा वाचा: कोण घेत आहे आणि कोणत्या कायद्याखाली.

अभियंत्यांना उत्तर लेखी द्या, भांडणाचा सूर न लावता. रस्त्याला विरोध नाही. कलम १२६ च्या कोणत्या खंडाखाली जागा हवी आहे ते कळवावे. संयुक्त मोजणी करून क्षेत्र निश्चित करावे. रस्त्याच्या क्षेत्राचे चटईक्षेत्र उरलेल्या जागेवर मिळावे अशी मागणी आहे. तोपर्यंत ताबा देता येणार नाही. सरावलेल्या अभियंत्याला असे पत्र उलट सोयीचे पडते, कारण ते फाइलला लावून त्याला वरून निर्णय मागता येतो. उद्यानाची नोटीस त्याच दिवशी पण वेगळ्या पत्राने द्या, एकत्र करू नका. आयुक्तांच्या नावे, प्रत नगररचना विभागाला, आवक क्रमांक व शिक्का घेऊन, आणि शिवाय पोचपावतीच्या टपालाने. २४ महिने त्या शिक्क्यावरच्या तारखेपासून मोजले जाणार आहेत.